भोंगा, कार्ड आणि राजीनामा

बदलापूरच्या फलाटावर सकाळी सातच्या आधी उभे राहणाऱ्या परक्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. मुंबईकडून आलेली लोकल थांबते. तीच पुन्हा मुंबईला परतायची असते. परंतु डब्यांतून उतरणारे थोडे आणि आत ठाण मांडून बसलेले पुष्कळ. हे बसलेले प्रवासी अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी येथले असतात. मुंबईच्या बाजूस जाण्यासाठी ते आधी उलट दिशेने आलेले असतात, कारण आपल्या स्थानकात गाडी परतून येईल तेव्हा तिच्यात बसणे सोडाच, पाय टेकवायलाही जागा नसेल हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. बदलापूरकरांना हा आपल्या हक्कावरचा घाला वाटतो आणि त्यावरून होणारी बोलाचाली हा तेथल्या सकाळचा नित्याचा भाग होऊन बसला आहे. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांत अलीकडे एक सारखेपणा मात्र दिसतो. कित्येकांच्या गळ्यात रंगीत पट्टीला अडकवलेले ओळखपत्र असते आणि पाठीवर संगणकाची पिशवी. ही मंडळी ठाण्याला उतरून ऐरोली, रबाळे, घणसोलीची गाडी धरणार, किंवा पुढे कांजूरमार्गाला उतरून पवई गाठणार. सॉफ्टवेअर कंपन्यांतील हे नोकर होत.

त्यांच्याविषयी उरलेल्या समाजाच्या मनात थोडे कौतुक आणि थोडा मत्सर असतो. वातानुकूलित कचेरी, शनिवार-रविवार सुटी, जमल्यास वर्ष-सहा महिने परदेश, आणि पगार असा की बापाने निवृत्त होतानाही पाहिला नसेल. ज्या शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून मुलाला अभियांत्रिकीला घातले, ज्या कारकुनाने मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेतले, त्यांनी हे कौतुक करू नये असे कोण म्हणेल? तथापि त्या मुलाचा दिवस कसा जातो याची विचारपूस करू लागले की उत्तरे तुटक मिळतात. 'ठीक आहे' या दोन शब्दांपलीकडे तो फारसे सांगत नाही. त्याला काही लपवायचे असते असेही नाही. सांगायचे ते कोणत्या शब्दांत सांगावे हे त्याला सापडत नाही.

अंबरनाथच्या जुन्या कामगाराला ते शब्द सापडत होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी येथे आयुध निर्माणी आणि तिच्या शेजारी यंत्रांचे नमुने घडवणारा 'मशीन टूल प्रोटोटाइप' कारखाना उभा राहिला. त्याआधीपासून विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना होताच. त्या काळाच्या मापाने प्रोटोटाइप कारखाना म्हणजे देशातील अत्यंत पुढारलेल्या तंत्रविद्येचे ठिकाण होते. तेथे काम करणाऱ्या फिटर-टर्नरला आपण हजारांश इंचाशी खेळतो याचा अभिमान असे. कारखान्याने माणसाला कामाला घेतले तेव्हा त्याच्या घराचाही विचार केला. वसाहत बांधली, रुग्णालय काढले, शाळा चालवली. भोंगा झाला की गावाला कळे की पाळी सुरू झाली. दुसरा भोंगा झाला की कळे की ती संपली. बायको त्या भोंग्यावर भात लावी. ते दिवस सोन्याचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. धातूच्या धुराचा खोकला होता, वरिष्ठांची मर्जी होती, बढतीला वीस-वीस वर्षे लागत. परंतु कामाचे तास ऐकू येत होते, ही गोष्ट लहान नव्हे.

सॉफ्टवेअर कंपनीत प्रवेशद्वारापाशी कार्ड टेकवले की एक बारीक आवाज होतो. तो फक्त ज्याचा त्याला ऐकू येतो. आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ यंत्र मिनिटागणिक टिपून ठेवते. पण काम संपल्याची वेळ कोणी टिपत नाही, कारण ते संपत नाही. अमेरिकेतील ग्राहकाचा दिवस येथे रात्री सुरू होतो. बदलापूरच्या घरी साडेनऊला पोहोचलेला माणूस ताटावर बसतो तेव्हा त्याच्या कानात यंत्र असते आणि दुसऱ्या टोकाला न्यू जर्सी असते. घरातील म्हाताऱ्यांना तो स्वतःशी बोलतो असे वाटते.

शिक्षक आणि सरकारी नोकर यांना 'गोपनीय अहवाल' ठाऊक आहे. वर्षाअखेरीस साहेब शेरा मारतो आणि त्यावर बढती अवलंबून असते. या कंपन्यांतही वार्षिक मूल्यमापन होते, पण त्यात एक फरक आहे. कित्येक ठिकाणी असा संकेत चालत आला की गटातील ठरावीक हिश्श्याला उत्तम, ठरावीक हिश्श्याला साधारण आणि उरलेल्यांना खालची श्रेणी मिळालीच पाहिजे. गणितात ज्याला घंटाकृती वक्र म्हणतात त्याच्या आकारात माणसे बसवायची. वर्गातील चाळीसही मुलांनी पेपर चांगला सोडवला तरी चौघांना नापास करा, असे एखाद्या मुख्याध्यापकाने फर्मावले तर शिक्षक काय म्हणतील? शेजारच्या मेजावरील मित्राने चांगले काम केले तर आपली श्रेणी घसरण्याची भीती, हा या पद्धतीचा सर्वांत वाईट परिणाम होय. पगाराचा आकडा एकमेकांना सांगू नये अशीही तेथे शिस्त असते. मग दुःख तरी एकमेकांना कसे सांगणार?

दुसरा शब्द 'बेंच'. शाळेत बाकावर उभे करणे ही शिक्षा होती. या धंद्यात बाकावर बसवणे ही आहे. ज्याच्या श्रमाचे बिल सध्या कोणत्याही ग्राहकाला लावता येत नाही तो कर्मचारी बाकावर गेला असे म्हणतात. त्याने रोज यायचे, कार्ड टेकवायचे, नवी विद्या शिकायची आणि निरनिराळ्या प्रकल्पांच्या प्रमुखांना 'मला घ्या' म्हणून विनवायचे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, ही १९६८ साली स्थापन झालेली आणि देशातील या क्षेत्रात सर्वांत मोठी कंपनी. तिने जून २०२५ मध्ये नियम केला की वर्षातून २२५ दिवस तरी कर्मचाऱ्याचे काम बिलाला लागले पाहिजे आणि बाकावरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. ग्राहक मिळवणे हे कंपनीच्या विक्री विभागाचे काम. तो मिळाला नाही तर दिवस मोजायचे ते मात्र संगणकापुढे बसणाऱ्याचे. यंत्रावर जॉब आला नाही म्हणून टर्नरची वेतनवाढ रोखल्याचे अंबरनाथमध्ये कोणी ऐकले नसेल.

या हिशेबात प्रवासाचे तास कोठेच येत नाहीत. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ६८ किलोमीटरवर, ठाण्यापासून ३४. गाडीची वाट, पाऊण-एक तास लोकल, ठाण्याच्या पुलावरची रेटारेटी, दुसरी गाडी, पुढे शेअर रिक्षा. एका बाजूस दोन तास सहज जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश केला, त्यावर देशभर चर्चा झाली. सहा दिवसांचा आठवडा धरला तरी दिवसाचे ११ तास ४० मिनिटे होतात. त्यात बदलापूरचे चार तास मिळवले की झोप, जेवण, अंघोळ, आईबाप, मुले आणि वाणसामान या सर्वांना मिळून ८ तास २० मिनिटे उरतात. या हिशेबाची वजाबाकी चौथीतला विद्यार्थीही करील.

मग ही माणसे एवढ्या दूर राहतात कशाला, असा प्रश्न येईल. उत्तर सोपे आहे: ऐरोलीत नोकरी मिळते, घर मिळत नाही. आयुध निर्माणीने घर फाटकाजवळ आणले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी रासायनिक कारखाने होते, तेथे काचेच्या इमारती उठल्या तेव्हा त्यांत काम करणारे कोठे राहतील हा प्रश्न कोणाच्या आराखड्यात नव्हता. तो बदलापूरच्या बिल्डरांनी सोडवला. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती ९८ हजारांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती पाहिल्या की पुढला आकडा काय असेल याची कल्पना येते. यातले बहुतेक घर कर्जावर आहे. या उद्योगात नव्या अभियंत्याचा आरंभीचा पगार दहा-पंधरा वर्षांत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. त्याला परवडेल ते घर शोधत जाणारा माणूस रुळाच्या कडेने कल्याणच्या पलीकडे जाऊन पोहोचतो.

कोरोनाच्या साथीने काही काळ हे चित्र पालटले. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या आणि कंपन्यांनी संगणक घरी पाठवले. बदलापूरच्या दीड खोलीत स्वयंपाकाच्या ओट्याला लागून कचेरी थाटली गेली. मुलाची शाळा एका यंत्रावर, बापाची नोकरी दुसऱ्यावर, आणि वीज गेली की दोघेही अंधारात. तास वाढले, पाठी दुखू लागल्या, हे खरे. पण चार तासांचा प्रवास वाचला, संध्याकाळी उल्हास नदीकडे फेरफटका घडू लागला, आणि काही मुलांना आपला बाप सूर्यप्रकाशात कसा दिसतो हे प्रथमच कळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काम अडले नाही. कंपन्यांचा नफा त्या काळात घटला असे त्यांचे ताळेबंद सांगत नाहीत. तरीही साथ ओसरल्यावर बोलावणी आली. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले आणि पुढे कामगिरीनुसार मिळणाऱ्या रकमेची सांगड हजेरीशी घातली. एकत्र बसल्याने माणूस शिकतो, हे कंपन्यांचे म्हणणे निराधार नाही. नवख्याला ते विशेषेकरून लागू पडते. परंतु त्या एकत्र बसण्याची किंमत कोणी किती मोजली? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले, काहींचे प्राण गेले. दारात लोंबकळून जाणाऱ्या माणसाला कचेरीत हजर राहण्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

उल्हासनगरची गोष्ट थोडी निराळी. १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या जागी वसलेल्या या निर्वासितांच्या शहराने कोणत्याच मोठ्या मालकाच्या आधाराची अपेक्षा केली नाही. कॅम्पातील सिंधी घरांत नोकरीकडे पाहण्याची दृष्टी अजूनही जरा साशंक आहे. मुलगा संगणक कंपनीत लागला तर पेढे वाटले जातात, पण दुकानातली गादी मोडीत काढली जात नाही. मराठी मध्यमवर्गाने या सावधपणाची पुष्कळ टिंगल केली आहे. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर ती करताना जीभ अडखळावी.

कारण त्या जुलैमध्ये टीसीएसने जाहीर केले की आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्यात येतील, आणि ती मुख्यतः मधल्या व वरच्या पातळीवरची असतील. जूनअखेरीस कंपनीत ६,१३,०६९ कर्मचारी होते. सप्टेंबरअखेरीस ते ५,९३,३१४ राहिले. तीन महिन्यांत १९,७५५ ची घट. त्यांत आपखुशीने गेलेले किती आणि घालवलेले किती हे नुसत्या वजाबाकीवरून उमगत नाही. मधली पातळी म्हणजे काय, हे बदलापूरच्या भाषेत सांगायचे तर चाळिशीचा माणूस: कर्जाचे अकरा हप्ते-वर्ष बाकी, मुलगी दहावीला, वडिलांची अँजिओप्लास्टी कंपनीच्या विम्यावर झालेली. कालपर्यंत ज्याने पंधरा जणांचा गट हाकला त्याला सांगण्यात येते की तुमची विद्या जुनी झाली. ती जुनी होत होती तेव्हा तिचेच बिल ग्राहकाला लावले जात होते, याचा उल्लेख कोणी करीत नाही.

येथे 'राजीनामा' या शब्दाकडे नीट पाहणे अगत्याचे आहे. कामगार कायद्यात 'कपात' या शब्दाला अर्थ आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई बंधनकारक केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती तरतूद कायम ठेवली आणि कपात झालेल्याच्या पुनःप्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन द्यावे अशी भर घातली. परंतु हे सारे 'कामगारा'ला. पर्यवेक्षक असून महिना १८ हजारांहून अधिक वेतन घेणारा त्या व्याख्येबाहेर जातो, आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन माणसांचे काम तपासणाऱ्यालाही भारदस्त हुद्दा दिलेला असतो. शिवाय ३०० वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते, ती कारखाने, खाणी आणि मळे यांना. त्यामुळे आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतील ३०० कामगारांच्या कारखान्याला जी परवानगी मागावी लागेल ती सहा लाख माणसांच्या कंपनीला मागावी लागत नाही.

एवढ्यावरही भागत नाही. या उद्योगात बहुधा कपात होतच नाही, राजीनामे होतात. बंद खोलीत किंवा पडद्यावर बैठक ठरते. समोर मनुष्यबळ विभागातील सौजन्यशील व्यक्ती असते. ती सांगते की तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर दोन-तीन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे चांगले पत्र मिळेल. नाही तर आम्हाला काढावे लागेल, आणि पुढली नोकरी मिळणे अवघड जाईल. विचाराला मुदत थोडी. माणूस सही करतो. अशा तक्रारी घेऊन पुण्यातील 'नाईट्स' ही माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची संघटना सरकारदरबारी गेलेली आहे. कंपन्यांचे उत्तर असे की जे झाले ते नियमानुसार झाले. पण सरकारी दफ्तरात जो कागद पोहोचतो त्यावर सही कर्मचाऱ्याची असते आणि तो स्वेच्छेने गेल्याचे त्यात लिहिलेले असते. भरपाई, पुनःप्रशिक्षण, नोटीस ही सगळी कपातीची अपत्ये. राजीनाम्याला त्यांतले काहीच लागू नाही.

हा उंबरठा ओलांडणारे मुळीच नाहीत असे नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये टीसीएसमधील एका महिला कर्मचाऱ्याने सेवासमाप्तीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली आणि कंपनीने तो निर्णय मागे घेतला. पुढल्या वर्षी तमिळनाडू सरकारने स्पष्ट केले की या क्षेत्रातील नोकरांनाही कामगार संघटना काढण्याचा हक्क आहे. हक्क पूर्वीही होताच. तो आहे हे मोठ्याने सांगावे लागले.

अंबरनाथच्या कारखान्यांवरही याच काळात संकट आले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून देशातील ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची आयुध निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडिया कंपनीकडे गेली, शेजारचा प्रोटोटाइप कारखाना चेन्नईच्या दुसऱ्या कंपनीकडे. एका भिंतीअलीकडे-पलीकडे काम करणारे दोन मालकांचे झाले. (ठाण्यात टीसीएसची मोठी कचेरी आहे तिचे नाव यंत्र पार्क, नावापुरता योगायोग.) रात्री सरकारी नोकर म्हणून झोपलेला कामगार सकाळी कंपनीत प्रतिनियुक्तीवर असल्याचे त्याला कळले. संघटनांनी संपाची हाक दिली तेव्हा सरकारने ३० जून २०२१ रोजी वटहुकूम काढून संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घातली. कामगार हरले, असेच म्हणावे लागेल. परंतु दोन वर्षांची म्हणून केलेली प्रतिनियुक्ती पुढे वाढवावी लागली आणि सरकारी नोकराच्या सेवाशर्ती लगेच काढून घेता आल्या नाहीत, ते संघटना होत्या म्हणून. एका-एकाला बंद खोलीत बोलावून सह्या घेण्याचा प्रकार तेथे करणे कोणाला सुचले नाही.

त्या संघटना कारखान्याच्या फाटकावर वाढल्या. पाळी सुटली की फाटकाशी सभा भरे. सगळे एकाच मालकाचे, एकाच वसाहतीत परतणारे. आयटी पार्कच्या फाटकावर पहारा जागामालकाचा, आत कंपन्या दहा, आणि सुटण्याची वेळ प्रत्येकाची निराळी. तेथे सभा घ्यायची कोणाची आणि कशी? बदलापूर-अंबरनाथच्या या नोकरांना एकमेकांचे चेहरे जेथे रोज दिसतात अशी जागा एकच आहे, ती म्हणजे लोकलचा डबा, आणि तेथे ते जागेवरून भांडत असतात. नेहमीच भांडतात असे मात्र नाही. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने साध्या गाड्यांच्या जागी दहा वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. परवडणारी गाडी गेल्याचे पाहून कळवा आणि बदलापूर येथले प्रवासी एकत्र आले, स्थानकात उतरले, अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. त्यात कोण कोणत्या कंपनीचा आणि कोणाची श्रेणी काय, हे कोणी विचारले नाही. २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या रेल्वेने मागे घेतल्या.